घरच्या जेट इंजिनसाठी जुना टर्बो घेताय? आधी गरम बाजू बघा

टर्बोपासून, म्हणजे गाडीच्या इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरपासून, जेट इंजिन बनतं म्हटलं की बऱ्याच जणांना तो जुगाड वाटतो, पण नीट बघितलं तर जेट इंजिनाचे मुख्य भाग तीनच, हवा दाबणारा कॉम्प्रेसर, इंधन जाळणारा कंबश्चन चेंबर आणि गरम गॅसवर फिरून कॉम्प्रेसरला चालवणारं टर्बाइन, आणि यातले दोन भाग एकाच शाफ्टवर बसवलेले, बॅलन्स केलेले, बेअरिंगसकट टर्बोमध्ये तयार मिळतात. गाडीत या दोघांच्या मधे इंजिन असतं. आपण इंजिनाच्या जागी एक चेंबर लावतो, कॉम्प्रेसरची हवा त्यात सोडतो, आत केरोसीन किंवा गॅस सतत जळत ठेवतो आणि तो गरम गॅस टर्बाइनमधून बाहेर काढतो, झालं जेट. हे नातं तसं जुनंच आहे, १९४१ साली ब्रिटिश इंजिनीअर फ्रँक व्हिटलचं जेट इंजिन अमेरिकेत बनवायचं ठरलं तेव्हा ते काम जनरल इलेक्ट्रिकला मिळालं, कारण विमानांच्या टर्बोसुपरचार्जरचा अनुभव त्यांच्याकडे होता.

आता टर्बो शोधायला निघालेला माणूस साधारण काय बघतो? मोठा आहे का, हाताने फिरतो का, आणि स्वस्त आहे का. या तीन गोष्टींवर घेतलेला टर्बो पेटतो, आवाज काढतो, व्हिडिओ पण मस्त येतो, फक्त स्वतःच्या जिवावर चालत राहत नाही, सुरू करायला हवा मारणारा ब्लोअर बाजूला केला की मरतो किंवा टर्बाइन लालभडक होऊन बसतं. याचं कारण समजून घेतलं तर निवड कशी करायची ते आपोआप कळतं, म्हणून आधी थोडं गणित. घाबरू नका, आकडे मी काढून देतो, तुम्ही फक्त शेवटी काय उरतं ते बघा.

समजा टर्बो सेकंदाला ०.४ किलो हवा ओढतोय आणि कॉम्प्रेसर ती बाहेरच्या दाबाच्या अडीच पट दाबतोय. मध्यम ट्रकचा बरा टर्बो इतकं करतो. कॉम्प्रेसरची एफिशियन्सी ७२ टक्के धरली तर १५ अंशाची हवा दाबली जाऊन सुमारे १३५ अंशाची होते, आणि एवढं करायला लागणारी ताकद जवळपास ४८ किलोवॅट, म्हणजे साधारण ६५ हॉर्सपॉवर. हो, त्या तळहाताएवढ्या चाकाला. ही सगळी ताकद टर्बाइनने द्यायची आहे, दुसरं कोणी देणार नाही. चेंबरमधून जाताना ५ टक्के दाब गेला असं धरा, गॅस ७२७ अंशाचा करून टर्बाइनवर सोडला, टर्बाइनची एफिशियन्सी ७० टक्के, तर कॉम्प्रेसरची ४८ किलोवॅटची भूक भागवून झाल्यावर टर्बाइनच्या मागे दाब उरतो बाहेरच्या दाबाच्या सुमारे १.२४ पट. हा उरलेला दाब नोझलमधून, म्हणजे मागच्या निमुळत्या तोंडातून, सोडला की गॅस सेकंदाला ३२५-३३० मीटर वेगाने निघतो आणि थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मिळतो साधारण १३ किलो. केरोसीन जातं मिनिटाला अर्धा लिटर. तेरा किलोसाठी!

आता हेच गणित परत करा, तापमान तेच, दाब तोच, फक्त कॉम्प्रेसर ७२ ऐवजी ६५ टक्के आणि टर्बाइन ७० ऐवजी ६० टक्के धरा. मागे किती उरतं? जवळजवळ शून्य. टर्बाइन जेमतेम कॉम्प्रेसरला फिरवतं आणि नोझलमधून नुसती गरम हवा लोळत बाहेर येते. घरात एकच कमावणारा, त्याचा सगळा पगार घरखर्चात जातो, आणि थ्रस्ट म्हणजे महिन्याच्या शेवटी उरलेली शिल्लक, तेव्हा पगार थोडा घटला आणि खर्च थोडा वाढला तर मार कुठे बसणार, थेट शिलकीवर. गाडीत असं होत नाही, तिथे इंजिनाचे पिस्टन ढकलतात म्हणून घासलेला, कडा खाल्लेला टर्बो पण चालून जातो, ड्रायव्हरला फार तर पिकअप कमी वाटतो. जेटमध्ये टर्बो हेच इंजिन आहे. त्यामुळे "गाडीवर चालू होता हो" या वाक्याला आपल्या कामात फारशी किंमत नाही.

साइजपासून सुरू करू, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. टर्बोची साइज म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गोगलगाईच्या आकाराच्या हाउसिंगची साइज नाही, कॉम्प्रेसरच्या चाकाचं जे तोंड हवा आत ओढतं, म्हणजे पुढून बघितल्यावर दिसणाऱ्या पात्यांचा व्यास, त्याला इंड्युसर म्हणतात, ते माप महत्त्वाचं. व्हर्नियर लावून मोजा, विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नका, बरेच जण पाइपच्या तोंडाचंच माप सांगतात. छोट्या कारचे टर्बो ३५ ते ४५ मिमीमध्ये येतात, मध्यम ट्रकचे ५० ते ६०, मोठ्या ट्रक-डंपरचे ७० आणि त्याच्या वर. वर जो ०.४ किलो हवेचा हिशोब केला तो साधारण ५५ मिमीचा, हॉलसेट कंपनीचा एचएक्स ३५ याच गटातला.

कारचा छोटा टर्बो स्वस्तात मिळतो आणि सुरू करायलाही सोपा, साधा पानं उडवायचा ब्लोअर पुरतो, पण त्यात एक मूळ अडचण आहे. चाकाच्या पात्यांची टोकं आणि हाउसिंगची भिंत यांच्यात फट ठेवावीच लागते, आणि चाक अर्धं केलं म्हणून फट अर्धी करता येत नाही. म्हणजे छोट्या चाकात फटीतून पळणाऱ्या हवेचं प्रमाण जास्त, एफिशियन्सी कमी, आणि एफिशियन्सी कमी झाली की काय होतं ते आत्ताच बघितलं. शिवाय छोटा टर्बो दीड-दोन लाख आरपीएमला फिरतो, चेंबर पण छोटा लागतो आणि छोट्या चेंबरमध्ये इंधनाला पूर्ण जळायला वेळच मिळत नाही, ज्वाला टर्बाइनपर्यंत पोचते. उलट ७५-८० मिमीचा राक्षस घेतला तर थ्रस्ट भरपूर, पण सुरू करायला दमदार हवा किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर हवा, तेलाचा पंप मोठा, इंधन पाण्यासारखं, आणि काही बिघडलं तर बिघडण्याची साइज पण मोठी. पहिल्यांदा बनवणाऱ्याने ५० ते ६० मिमीच्या मध्येच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा, गरम बाजू. लोक कॉम्प्रेसरकडे बघून टर्बो निवडतात कारण ती बाजू चकचकीत ॲल्युमिनियमची असते, गरम बाजू गंजलेलं काळं ओतीव लोखंड, तिच्याकडे कोण बघतो. पण इंजिन चालणार की नाही ते तिथेच ठरतं.

गाडीचा टर्बो बनवणाऱ्याला काय हवं असतं? ॲक्सिलरेटर दाबला की लगेच बूस्ट, म्हणजे इंजिनात दाबून भरलेली हवा. म्हणून टर्बाइनचं हाउसिंग जरा अरुंद ठेवतात, गॅस जोरात आपटतो, चाक लवकर पळतं, आणि त्यामुळे एक्झॉस्टमध्ये दाब वाढला, अगदी बूस्टपेक्षा जास्त झाला तरी हरकत नसते कारण पिस्टन तो गॅस ढकलून बाहेर काढतोच. आपल्याकडे पिस्टन नाही. चेंबरमधला दाब कॉम्प्रेसरच्या दाबापेक्षा थोडा कमीच राहणार, कधीही जास्त होऊ शकत नाही, नाहीतर हवा उलटी वाहील. आणि आपल्याला तोच सगळा गॅस, तोही तापून दुप्पट-अडीचपट फुगलेला, त्या दाबात टर्बाइनमधून बाहेर काढायचाय. अरुंद हाउसिंग असेल तर गॅस मावत नाही, मागे तुंबतो, कॉम्प्रेसरला पुढे ढकलायला जागा मिळत नाही आणि तो सर्ज करायला लागतो. सर्ज म्हणजे हवेचा प्रवाह पात्यांवरून सुटून क्षणभर उलटा येतो, धप-धप-धप असा आवाज, कधी कधी पुढच्या तोंडातून ज्वाला. शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगला हे झटके अजिबात चालत नाहीत.

अरुंद-मोकळं मोजतात कसं? गॅरेट कंपनीच्या टर्बोवर ए बाय आर नावाचा आकडा असतो, हाउसिंगवरच ओतलेला किंवा कोरलेला, ०.६३, ०.८२, १.०० असा काहीतरी. ए म्हणजे त्या गोगलगाईच्या वाटेचं क्षेत्रफळ आणि आर म्हणजे शाफ्टच्या मध्यापासून त्या वाटेच्या मध्यापर्यंतचं अंतर. आकडा जितका मोठा तितकी वाट मोकळी. पण हा आकडा एकाच फ्रेमच्या टर्बोंमध्येच तुलना करायला वापरा, छोट्या टर्बोचा १.०० आणि मोठ्या टर्बोचा १.०० यांचा काही संबंध नाही. हॉलसेटवाले सरळ चौरस सेंटीमीटर सांगतात, १२, १४, १६, १८ वगैरे, आणि मला ते जास्त आवडतं कारण आपल्या हिशोबाशी लगेच लावून बघता येतं. आपल्या ०.४ किलोच्या उदाहरणात ७२७ अंशाचा गॅस अगदी आवाजाच्या वेगाने निघाला असं धरलं तरी वाट कमीत कमी १३ चौरस सेंमी लागते, आणि प्रत्यक्षात टर्बाइनच्या तोंडाशी वेग तेवढा नसतो, त्यामुळे १२ वालं हाउसिंग इथे गळा आवळणार हे उघड आहे, १६ किंवा १८ शोधा.

दुसरं माप म्हणजे टर्बाइनच्या चाकाचा बाहेर पडणारा व्यास, एक्सड्युसर. मागून टर्बाइनकडे बघितलं की जी पाती दिसतात त्यांचा व्यास. हा कॉम्प्रेसरच्या इंड्युसरपेक्षा निदान बरोबरीचा आणि शक्यतो थोडा मोठा असावा, गॅस फुगलेला आहे, त्याला बाहेर पडायला दार मोठंच हवं. बाजारात असे टर्बो भरपूर दिसतील ज्यात रेसिंगसाठी कॉम्प्रेसर मोठा बसवलाय आणि टर्बाइन आहे तेवढंच ठेवलंय, गाडीवर ते पळतील पण जेटसाठी ते बिनकामाचे, कितीही चमकत असले तरी.

मग फार मोकळं हाउसिंग घेतलं तर? तर टर्बाइन गॅसमधून पुरेशी ताकद काढत नाही, कमी आरपीएमला इंजिन स्वतःला सांभाळत नाही, आणि तापमान वाढवून ते भरून काढावं लागतं, तेही वाईटच. पण दोन हाउसिंगमध्ये अडकलात तर मोठं घ्या, कारण मागची नोझल नंतर लहान-मोठी करून थोडं जुळवून घेता येतं, अरुंद हाउसिंग मात्र घासून मोठं करायच्या भानगडीत कुणी पडू नये.

हाउसिंगचे प्रकार पण बघून घ्या. ट्रकच्या बऱ्याच टर्बोत तोंडापासून आतपर्यंत मधे भिंत असते, दोन खण, कारण सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन-तीन सिलिंडरचे झटके वेगळे ठेवायचे असतात. आपल्या चेंबरमधून झटके येतच नाहीत, सलग प्रवाह येतो, त्यामुळे त्या भिंतीचा उपयोग शून्य, उलट घर्षण वाढतं आणि सतत तापून तिलाच आधी तडे जातात. एकखणी मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर दोनखणी चालतो, फक्त दोन्ही खणांना सारखा गॅस जाईल असा जोड बनवा. वेस्टगेट, म्हणजे जादा गॅस टर्बाइनला वळसा घालून सोडणारं दार, असेल तर ते घट्ट बंद करून वेल्ड करावं लागेल, ओतीव लोखंडावर वेल्डिंग नीट न जमणाऱ्याकडून केलं तर तडा जातो, म्हणून मुळात वेस्टगेट नसलेलाच बघा. आणि व्हीजीटी, म्हणजे आत हलणारी पाती किंवा सरकणारी रिंग असलेले टर्बो, नव्या डिझेल गाड्यांवर हेच जास्त दिसतात, हे सरळ सोडून द्या. बारीक हलणारे भाग, त्यांची यंत्रणा, वरून कंट्रोल करायचं इलेक्ट्रॉनिक्स, आणि आपलं तापमान एकदम सलग, कुठेतरी अडकणारच. जुन्या पद्धतीचा, साधा, बिनडोक ट्रक टर्बो हा आपला माणूस.

बोटीवरचा टर्बो कोणी देत असेल तर गरम हाउसिंगला पाण्याचं जॅकेट आहे का बघा, असेल तर नको, जी उष्णता आपल्याला पात्यांवर हवी ती पाणी घेऊन जाणार. जनरेटरवरचा टर्बो मिळाला तर मात्र नशीब समजा, एकसारख्या लोडवर चाललेला असतो आणि बहुतेक वेळा ऑइल बदलण्याचं वेळापत्रक पण पाळलेलं असतं. खाणीत किंवा मातीकामाच्या मशीनवर चाललेला असेल तर कॉम्प्रेसरच्या कडा बारकाईने बघा, फिल्टर फाटका असेल तर धुळीने त्या कडा खाल्लेल्या असतात.

हातात घेऊन तपासणी कशी करायची ते सांगतो. सगळ्यात आधी नेमप्लेट. मॉडेल आणि पार्ट नंबर वाचता येत असेल तर चाकांची मापं, हाउसिंग, कधी कधी कॉम्प्रेसर मॅपसुद्धा शोधता येतो, आणि मॅप मिळाला तर अर्धं काम झालं, कुठल्या दाबाला किती हवा, एफिशियन्सी किती आणि सर्जची रेघ कुठे ते सगळं एका चित्रात दिसतं. नेमप्लेट नसलेला टर्बो घ्यायचाच असेल तर निदान सगळी मापं तरी स्वतः घ्या. नवीन स्वस्त कॉपी टर्बोबद्दल माझं मत चांगलं नाही, बाहेरून डिट्टो दिसतात पण पात्यांचा आकार, बॅलन्स आणि ओतकाम यांचा भरवसा नाही, त्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना टर्बो परवडला.

मग कॉम्प्रेसरची पाती. टॉर्च लावून एकेक पातं बघा, टोक वाकलंय का, कडेला खाच आहे का, आणि पात्यांच्या बाहेरच्या कडेने हाउसिंगच्या भिंतीवर घासल्याच्या गोल रेघा आहेत का. रेघा दिसल्या म्हणजे चाक कधीतरी भिंतीला लागलंय, म्हणजे बेअरिंग गेलं होतं किंवा अजूनही गेलेलं आहे, आणि फट वाढलेली आहे ती वेगळीच. कुणीतरी खाच कानशीने घासून गुळगुळीत केलेली असेल तर तो टर्बो तिथेच ठेवा, बॅलन्स गेलाय. अशीच तपासणी टर्बाइनची, ते चाक इनकोनेलसारख्या निकेलच्या मिश्रधातूचं असतं, कडक असतं, पण इंजिनातून तुटलेला व्हॉल्व्हचा किंवा रिंगचा तुकडा आला असेल तर पात्यांची टोकं चेचलेली दिसतात. हाउसिंगच्या आत, जिथे वाट चाकापाशी निमुळती होत संपते त्या जिभेला तडे बघा. बारीक तडे जुन्या हाउसिंगमध्ये असतातच, पण बाहेरच्या भिंतीपर्यंत गेलेला तडा नको.

शाफ्टचा प्ले, म्हणजे शाफ्ट हाताने किती हलतो, हा विषय असा आहे की यात निम्मे लोक चांगला टर्बो नाकारतात आणि निम्मे लोक खराब टर्बो घेऊन येतात. साध्या टर्बोत बॉल बेअरिंग नसतं, पितळी बुश असतात आणि शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, त्यामुळे तेल नसताना शाफ्ट बाजूला हलवला की थोडा हलतो, हाताला चांगला जाणवतो, आणि ते बरोबरच आहे. बघायचं एवढंच की चाक एका बाजूला दाबून धरून हळूहळू पूर्ण फिरवलं तर पातं कुठेही भिंतीला लागता कामा नये, दोन्ही टोकांनी करून बघा. पुढे-मागे ओढून बघितल्यावर मात्र हाताला जवळजवळ काहीच जाणवू नये. इथे चांगल्या टर्बोत प्ले मिलीमीटरच्या काही शतांश भागापासून फार तर एक दशांशापर्यंत असतो, डायल गेज लावली तर कळतो. टक-टक असा स्पष्ट आवाज आला तर थ्रस्ट बेअरिंग संपलंय. जेटमध्ये हे बेअरिंग सतत दाबाखाली असतं, म्हणून शक्य असेल तर ३६० अंशाचं, म्हणजे पूर्ण गोल थ्रस्ट बेअरिंग असलेला टर्बो बघा, काही टर्बोत ते २७० अंशाचंच असतं. ते उघडल्याशिवाय दिसत नाही, पण पार्ट नंबरवरून शोधता येतं.

बोटाने फिरवल्यावर पंख्यासारखा फिरतच राहिला पाहिजे अशी अपेक्षा ठेवू नका. आत तेल असलेला बुशवाला टर्बो दोन-तीन फेऱ्यांत थांबतो. अडखळत, ठरावीक जागी अडकत फिरत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा आत तेलाचा जळून कोळसा झालाय. तेल निघून जायच्या भोकातून टॉर्च मारा, आतला शाफ्ट दिसतो, काळ्या कडक पापुद्र्यांनी भरलं असेल किंवा शाफ्ट निळा पडला असेल तर गरम इंजिन एकदम बंद करायची सवय असलेल्या माणसाचा टर्बो आहे तो. कॉम्प्रेसरमध्ये तेल दिसलं म्हणून लगेच नाकारू नका, ते बऱ्याचदा इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, आलेलं असतं. टर्बोचे सील रबराचे नसतात, पिस्टन रिंगसारख्या रिंगा असतात आणि त्या आतल्या हवेच्या दाबावर काम करतात, त्यामुळे रिटर्न पाइप तुंबला तरी चांगल्या टर्बोतून तेल गळतं.

प्ले जास्त असेल पण चाकं आणि हाउसिंग उत्तम असतील तर रिपेअर किट टाकता येतं. फक्त उघडण्याआधी नट, चाक आणि शाफ्ट यांच्यावर खूण करा, परत त्याच जागी बसवायचंय, आणि काही टर्बोत तो नट उलट्या आट्यांचा असतो, जोर लावून शाफ्ट पिळू नका. शक्य असेल तर मधलं अख्खं कार्ट्रिज, म्हणजे चाकं, शाफ्ट आणि बेअरिंग असलेला मधला भाग, बॅलन्स करून घ्या. आपल्या उदाहरणातला ५५ मिमीचा टर्बो, ज्याच्या चाकाचा बाहेरचा व्यास ७८-८० मिमी असतो, तो अडीच पट दाबाला लाखाच्या आसपास आरपीएमने फिरतो, पात्याचं टोक सेकंदाला ४०० मीटरने जातं, आवाजापेक्षा वेगात. चाकावरचा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो, म्हणजे आरपीएम दहा टक्के वाढला की ताण एकवीस टक्के. म्हणून तडा गेलेलं, वेल्ड केलेलं, घासून "नीट केलेलं" चाक कितीही स्वस्त मिळालं तरी नाही म्हणजे नाही. कंपन्या हाउसिंग अशा जाडीचं बनवतात की चाक फुटलंच तर तुकडे आतच राहावेत, तेव्हा वजन कमी करायला हाउसिंग तासू नका, आणि इंजिन चालू असताना चाकाच्या बाजूला, म्हणजे चाक ज्या पातळीत फिरतं त्या रेषेत, कुणीही उभं राहायचं नाही. चालवायचं ते उघड्यावर, कानाला संरक्षण लावून, आग विझवायचं साधन हाताशी ठेवून.

डिझेलच्या ट्रकचा टर्बो घेतला तर एक लक्षात ठेवा, पेट्रोल गाडीच्या टर्बोपेक्षा त्याच्या गरम बाजूला कमी तापमानाची सवय असते. पेट्रोलवाले ९५० अंशाच्या वर जातात, डिझेलवाले साधारण ७५० च्या आत बरे. वरचा हिशोब मी मुद्दाम ७२७ वर केला तो म्हणूनच, टर्बाइनच्या मागे तेव्हा सव्वासहाशेच्या आत दिसतील. तिथे तापमान मोजणारं थर्मोकपल लावा आणि आकडा ६५० च्या वर सतत राहत असेल तर इंधन वाढवत बसू नका, जुळणीत कुठेतरी गडबड आहे.

तेलाचं फार लांबवत नाही. बुशवाल्या टर्बोला ३ ते ४ बार दाबाने स्वच्छ तेल लागतं, सुरू करायच्या आधीपासून ते बंद केल्यावर थंड होईपर्यंत. निवडताना बघायचं ते हे की तेलाचं भोक वर आणि निघायचं भोक सरळ खाली येईल असा टर्बो तुमच्या फ्रेमवर बसतो का, कारण तेल परत जातं ते फक्त उतारावर. हाउसिंगचे बोल्ट किंवा क्लॅम्प सैल करून दोन्ही गोगलगाई हव्या त्या कोनात फिरवता येतात, पण गंजून चिकटल्या असतील तर तासन्तास जातात, म्हणून घेतानाच एखादा बोल्ट सैल होतो का बघा. व्ही-बँड क्लॅम्पवाला, म्हणजे बोल्टऐवजी एकाच गोल पट्ट्याने आवळलेला, असेल तर हे काम सोपं. मधल्या हाउसिंगला पाण्याची भोकं असतील तर बंद केल्यावर बेअरिंग थंड ठेवायला त्यांचा फायदाच आहे, वापरायची नसतील तर उघडी ठेवा, आत पाणी असताना बूच मारू नका.

आणि चेंबरची पत्रे-पाइप टर्बोच्या आधी आणायची घाई करू नका, कारण ती सगळी मापं इंड्युसरवरून निघतात. घरी बनवणाऱ्यांमध्ये चालत आलेला ठोकताळा असा की चेंबरच्या आतल्या फ्लेम ट्यूबचा, म्हणजे ज्वाला जिच्यात जळते त्या भोकं पाडलेल्या नळीचा, व्यास इंड्युसरच्या दुप्पट, लांबी सहा पट, आणि ट्यूबला पाडलेल्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ इंड्युसरच्या क्षेत्रफळाएवढं, त्यातली साधारण ३० टक्के भोकं ज्वालेपाशी, २० टक्के मधे आणि उरलेली ५० टक्के शेवटी गॅस थंड करायला. म्हणजे ५५ मिमीच्या टर्बोला ११० मिमी व्यासाची, ३३० मिमी लांबीची ट्यूब आणि जवळपास २४ चौरस सेंमी भोकं. इंड्युसर ४८ निघाला तर भोकं १८ चौरस सेंमीवर येतात आणि तुम्ही आधीच कापून ठेवलेली ट्यूब वाया जाते.